आयडल ठेवावं की बदलावं? पायथन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पायथन इन्स्टॉल केलं की त्याच्यासोबत आयडल नावाचा एडिटर आपोआप येतो. पांढरी खिडकी, तीन बाणांचं चिन्ह, वर मोजके मेनू. काही दिवस त्यावर बरं चाललेलं असतं आणि मग कुणीतरी विचारतं, "अजून आयडलच वापरतोस?" विचारणारा कॉलेजातला सीनियर असतो, नाहीतर नोकरीला लागलेली मावसबहीण. त्या रात्री लॅपटॉपवर दोन-तीन नवे एडिटर येऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी, काल चालणारा प्रोग्रॅम आज चालत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेकांना पुढेमागे आयडल सोडावं लागतं, पण ते सोडायचं कारण तुमच्या कामातून यायला हवं, कुणाच्या टोमण्यातून नव्हे. दुसरं म्हणजे, आयडल तीन कामं न सांगता करून देत असतं. एडिटर बदलला की ती तुमच्या अंगावर येतात. त्यांची ओळख आधी झाली तर बदल तासाभरात होतो; नाही झाली तर आठवडा जातो आणि "पायथन माझ्या लॅपटॉपवर चालतच नाही" असा समज होतो.

मेनूंची आणि आज्ञांची नावं मी खाली देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना ती अर्थात इंग्रजीतच करायची. कीबोर्डवरची बटणं विंडोजची धरली आहेत. मॅकवर काही ठिकाणी ती बदलतात.

पायरी १: दोन खिडक्यांचा गोंधळ मिटवा

आयडलबद्दलच्या बऱ्याच तक्रारी मुळात या गोंधळातून येतात, म्हणून सुरुवात इथून.

आयडल उघडल्यावर समोर येते ती शेल. तिथे एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर बघायचं. दोन आकड्यांची बेरीज, एखादं फंक्शन नेमकं काय परत देतं याची चाचपणी, अशा फुटकळ कामांसाठी ती आहे. प्रोग्रॅम लिहायची जागा वेगळी. फाइल मेनूतून न्यू फाइल घ्या (कंट्रोल+एन), कोरी खिडकी उघडेल. कोड तिथे लिहा, सेव्ह करा, एफ५ दाबा. निकाल शेलमध्ये येईल.

नवखी मंडळी दोन गोष्टी हमखास करतात. पहिली: कुठून तरी आठ-दहा ओळी उचलून थेट शेलमध्ये पेस्ट करतात. मग लाल अक्षरांत "मल्टिपल स्टेटमेंट्स फाउंड व्हाइल कंपायलिंग अ सिंगल स्टेटमेंट" असा सिंटॅक्स एरर येतो. कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं, शेलला एका वेळी एकच विधान हवं असतं एवढंच. दुसरी: सगळा प्रोग्रॅम शेलमध्येच एकेक ओळ करून लिहितात आणि शेवटी कंट्रोल+एस दाबून ती शेलच "प्रॅक्टिकल१" नावाने सेव्ह करतात. त्या फाइलच्या पहिल्या ओळीत पायथनच्या आवृत्तीची माहिती असते, मधेमधे उत्तरं असतात. ती रन केली की पहिल्याच ओळीवर एरर. प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी येणारे "फाइल खराब झाली" असे फोटो मी उघडून बघते तेव्हा बहुतेक वेळा हेच निघतं.

तुमची अडचण या दोन्हींपैकी एक असेल तर एडिटर बदलून ती जाणार नाही. नव्या एडिटरमध्येही शेल आणि फाइल हा फरक असतोच, फक्त खिडक्या एकमेकींना चिकटलेल्या असतात.

पायरी २: आयडलला एक संधी द्या

आयडल जुनं आहे हे खरंच. पायथनचे जनक गुईडो व्हान रॉसम यांनी ते १९९८ मध्ये लिहायला घेतलं आणि पायथन १.५.२ पासून ते भाषेसोबत येऊ लागलं. प्रोग्रॅमिंग सगळ्यांना यायला हवं असा एक प्रस्ताव त्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेकडे दिला होता. नवशिक्यांना झेपेल असा एडिटर हा त्या प्रस्तावाचाच भाग. म्हणजे आयडल शिकणाऱ्यासाठीच बेतलेलं आहे आणि ते दिसतं तसं का, याचं उत्तर यात आहे. ते पूर्णपणे पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि खिडक्या काढायला पायथनचंच टीकिंटर वापरतं. म्हणून जिथे पायथन आणि टीकिंटर चालतं तिथे ते चालतं, आणि जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवरही पटकन उघडतं.

पण जुनं म्हणजे गोठलेलं नव्हे. २०१३ मध्ये पायथनच्या मंडळींनी आयडलपुरता नियम सैल केला: एरवी किरकोळ आवृत्त्यांमध्ये फक्त दुरुस्त्या येतात, आयडलमध्ये मात्र सुधारणाही येऊ शकतात. त्यामुळे "आयडलमध्ये ओळींचे क्रमांक दिसत नाहीत" हे जे अजून ऐकू येतं ते शिळं झालं. पायथन ३.८ पासून (आणि ३.७.५ मध्येही) ती सोय आहे. ऑप्शन्स मेनू, शो लाइन नंबर्स.

त्याच मेनूत कॉन्फिगर आयडल उघडा. हायलाइट्सच्या पानावर 'आयडल डार्क' ही काळी थीम आहे. रात्री काम करणाऱ्यांची पांढऱ्या खिडकीबद्दलची तक्रार तिथेच संपते. फॉन्ट्सच्या पानावर अक्षर मोठं करा. तिथला नमुना मजकूर खाली सरकवून बघा, त्यात देवनागरी अंक आणि स्वरही दिले आहेत. निवडलेल्या फॉन्टमध्ये आपली अक्षरं कशी दिसतील याचा अंदाज लगेच येतो. प्रिंटमध्ये मराठी वाक्यं लिहिणार असाल तर हे कामाचं आहे.

मराठीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. मराठी कीबोर्ड चालू राहून कोडमध्ये चुकून देवनागरी १२ गेला तर पायथन "इनव्हॅलिड कॅरॅक्टर" म्हणून अडून बसतं. पण तोच १२ वापरणाऱ्याने इनपुटमध्ये देवनागरीत टाईप केला, तर इंट फंक्शन मुकाट्याने त्याचा बारा करून देतं. व्हेरिएबलचं नाव 'वय' किंवा 'किंमत' ठेवलं तरी पायथन ३ ला चालतं. एडिटर कुठलाही घ्या, यात फरक पडत नाही.

आता बोटांना लावून घ्यायच्या चार सवयी. शेलमध्ये आल्ट+पी दाबलं की आधीची आज्ञा परत येते. एडिटरमध्ये ओळी निवडून आल्ट+३ दाबलं की त्या कॉमेंट होतात, आल्ट+४ ने पुन्हा कोड. निवडलेल्या ओळी आत-बाहेर सरकवायला कंट्रोल आणि चौकोनी कंस. नाव अर्धवट लिहून कंट्रोल+स्पेस दाबलं की पर्यायांची यादी येते.

डीबगरही (प्रोग्रॅम एकेक ओळ थांबवत चालवून दाखवणारं साधन) आहे: शेलच्या डीबग मेनूत. तो चालू करून एफ५ दाबा. पण त्यात 'स्टेप' नको, 'ओव्हर' वापरा. स्टेप दाबलंत आणि पुढच्या ओळीत प्रिंट असेल, तर डीबगर तुम्हाला आयडलच्या स्वतःच्या कोडमध्ये घेऊन जातो आणि कधीही न लिहिलेल्या ओळी समोर नाचू लागतात. डीबगर हा आयडलचा कमजोर भाग आहे, हे मान्यच करायला हवं.

एवढं करून आठ-पंधरा दिवस काम करा, मग पुढची पायरी.

पायरी ३: नेमकं कुठे अडतंय ते लिहून काढा

"बरं वाटत नाही" हे कारण नव्हे. कागदावर एक ओळ लिहा: मला अमुक करायचं होतं, आयडलमध्ये ते जमलं नाही. ओळ लिहिता येत नसेल तर बदल पुढे ढकला.

खरी कारणं कोणती? प्रोग्रॅम तीन-चार फाइलींत विभागला गेला की आयडल छळायला लागतं. प्रत्येक फाइलची स्वतंत्र खिडकी, टॅब नाहीत, फोल्डरमधल्या फाइलींची यादी बाजूला दिसत नाही. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरायला लागलात तर आयडलमध्ये त्याची काहीच सोय नाही. जँगो किंवा फ्लास्कवर वेबसाइट बांधताय तर पायथनसोबत एचटीएमएल, सीएसएस आणि टर्मिनल (आज्ञा टाईप करायची खिडकी) हवं. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता पायथन आणि लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा) ठेवायला लागलात तर त्यातली निवड करायला आयडलमध्ये मेनू नाही; ते एन्व्हायर्नमेंट चालू करून टर्मिनलमधून 'पायथन -एम आयडललिब' असं आयडल उघडावं लागतं. चालतं, पण रोज कोण करणार?

काही अडचणी शेलच्या स्वभावातल्या आहेत. आयडलची शेल हे खरं टर्मिनल नाही. रंगीत अक्षरांचे कोड तिथे रंग न होता चिन्हं म्हणून उमटतात. स्क्रीन पुसायची आज्ञा नाही. एकाच ओळीवर पुढे सरकणारी प्रगतीची पट्टी तिथे विस्कटते. एक बटण दाबताच प्रतिसाद देणारा खेळ लिहायला जाल तर बटण वाचणारं विंडोजचं मॉड्यूल तिथे काम करत नाही. आणि हजारो ओळी छापणारा लूप रांगतो, कारण तुमचा प्रोग्रॅम एका प्रोसेसमध्ये चालतो आणि छापलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या प्रोसेसमधल्या खिडकीत पोचवावा लागतो. यातल्या कशासाठीही लगेच नवा एडिटर नको. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पीवाय' आणि फाइलचं नाव लिहा, काम झालं.

कारण नसलेली कारणंही सांगते. आयडल उघडतच नाही अशी तक्रार आली की आधी फाइलींची नावं बघा. 'रँडम' मॉड्यूल शिकताना फाइललाही रँडम हेच नाव दिलं जातं. मग पायथन खऱ्या रँडमऐवजी तुमची फाइल उचलतं आणि आयडल सुरू होतानाच कोलमडू शकतं. टर्टल (चित्रं काढायचं पायथनचं मॉड्यूल) शिकताना टर्टल, टीकिंटर शिकताना टीकिंटर, तोच प्रकार. नाव बदला. एडिटर बदललात तरी ती फाइल तिथेही नडणारच.

आणि परीक्षा जवळ असेल तर थांबा. शाळा-कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर बहुधा आयडलच असतं. एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तकही प्रोग्रॅम लिहायला तेच दाखवतं. घरी एडिटरने सुचवलेले शब्द स्वीकारायची सवय लागली की प्रॅक्टिकलला कोलन कुठे द्यायचा तेही आठवत नाही.

पायरी ४: आयडलची तीन गुपचूप कामं

हा भाग सावकाश वाचा.

एक छोटी फाइल बनवा, नाव ठेवा 'तपासणी'चं इंग्रजी स्पेलिंग. त्यात चार ओळी: सिस इम्पोर्ट करा, ओएस इम्पोर्ट करा, मग सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा आणि ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी (पुढे रिकामा कंस) प्रिंट करा. ती आयडलमध्ये एफ५ ने चालवा. पहिली ओळ सांगते की तुमचा कोड नेमकं कुठलं पायथन चालवतंय. दुसरी सांगते की प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहे. दोन्ही ओळी वहीत उतरवून ठेवा. नव्या एडिटरमध्ये पहिल्यांदा हीच फाइल चालवायची आहे.

पहिलं काम: पायथनची निवड. आयडल ज्या पायथनसोबत आलं, त्याच पायथनवर ते तुमचा कोड चालवतं. पर्यायच नाही, म्हणून घोळही नाही. नवा एडिटर मात्र मशीनवर सापडतील ती सगळी पायथन गोळा करतो: तुम्ही टाकलेलं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेलं, अ‍ॅनाकोंडाचं. तुम्ही पांडाज ही आकडेवारीची लायब्ररी एका पायथनमध्ये टाकलेली असते, एडिटर दुसरंच उचलतो आणि "मॉड्यूलनॉटफाउंडएरर" येतो. पुन्हा पिप (लायब्रऱ्या टाकायचं पायथनचं साधन) चालवलं तर ते म्हणतं, आधीच आहे. दोघंही खरं बोलतायत. तपासणीची फाइल चालवा, पहिली ओळ वहीतल्या ओळीशी ताडून बघा; वेगळी असेल तर एडिटरमधून बरोबर पायथन निवडा. आणि नुसतं पिप लिहिण्याऐवजी 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' असं लिहायची सवय लावा, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्यातच लायब्ररी जाते.

याच कामाचा दुसरा पदर: पायथन टाकताना पहिल्या पानावर तळाशी पाथमध्ये (विंडोज आज्ञा जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याची टिक असते. ती न करताही आयडल छान चालतं, म्हणून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. नव्या एडिटरच्या टर्मिनलमध्ये 'पायथन' लिहिलं की विंडोज म्हणतं, पायथन सापडलं नाही, स्टोअरमधून घ्या. घेऊ नका, नाहीतर मशीनवर आणखी एक पायथन येईल. जुना इन्स्टॉलर पुन्हा चालवा, मॉडिफाय निवडा आणि पुढच्या पानांवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची टिक करा.

दुसरं काम: फोल्डर. आयडलमध्ये एफ५ दाबलं की प्रोग्रॅम तुमची फाइल जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये उभा राहतो. म्हणून शेजारी ठेवलेली 'गुण' नावाची टेक्स्ट फाइल नुसत्या नावाने उघडते. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये मात्र तुम्ही जो फोल्डर उघडला असेल तिथे प्रोग्रॅम उभा राहतो. समजा तुम्ही 'कॉलेज' हा फोल्डर उघडलाय आणि प्रोग्रॅम त्याच्या आतल्या 'युनिट३' मध्ये आहे. प्रोग्रॅम 'गुण' फाइल कॉलेजमध्ये शोधतो, सापडत नाही, "फाइलनॉटफाउंडएरर". फाइल डोळ्यांसमोर दिसत असते, म्हणून चिडचिड जास्त. वाचण्याऐवजी लिहायची फाइल असेल तर प्रकरण आणखी फसवं: एरर येतच नाही, फाइल भलत्या फोल्डरमध्ये तयार होते आणि तुम्ही युनिट३ रिफ्रेश करत बसता. उपाय दोन. सोपा म्हणजे प्रोग्रॅमचाच फोल्डर उघडायचा. नाहीतर सेटिंग्जमध्ये 'एक्झिक्यूट इन फाइल डिर' शोधून टिक करायची.

तिसरं काम: प्रोग्रॅम संपल्यावरही दार उघडं ठेवणं. आयडलमध्ये फाइल चालून झाली तरी तिची व्हेरिएबल्स आणि फंक्शन्स शेलमध्ये जिवंत असतात. फॅक्टोरियलचं फंक्शन लिहिलंत, एफ५ दाबलं, आता शेलमध्ये त्याला ५ द्या, ० द्या, उणे १ द्या, काय होतं ते बघा. शिकण्याच्या दृष्टीने आयडलमधली ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते आणि ती सोडल्यावरच तिची किंमत कळते. बाकीचे बरेच एडिटर प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये चालवतात. तो संपला की सगळं विरतं. टर्टलचं चित्र याचंच बळी: आयडलमध्ये काढलेली चांदणी पडद्यावर राहते, नव्या एडिटरमध्ये तोच कोड चालवला की खिडकी पूर्ण होताच नाहीशी होते. शेवटी टर्टल डॉट डन (आणि कंस) ही ओळ जोडा. फंक्शन्सशी खेळायचं असेल तर टर्मिनलमध्ये 'पायथन -आय' आणि फाइलचं नाव द्या; प्रोग्रॅम संपल्यावर तीन बाण मिळतील.

पायरी ५: काय घ्यावं

शिकायला लागून थोडेच दिवस झाले असतील आणि आयडल फारच रुक्ष वाटत असेल तर थॉनी घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेला हा एडिटर आहे, आणि रास्पबेरी पायच्या सिस्टिममध्येही तो आधीपासून असतो. त्यात वरची तिन्ही कामं आयडलसारखीच होतात: स्वतःचं पायथन सोबत येतं, फोल्डर आपोआप बदलतो, व्हेरिएबल्स शेलमध्ये राहतात. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्स उघडा, प्रत्येकाची किंमत बाजूला दिसेल. खरी मजा डीबगरमध्ये आहे. कंट्रोल+एफ५ दाबून मग एफ७ दाबत गेलात की दोन अधिक तीन गुणिले चार यातलं आधी काय सुटतं ते जागच्या जागी दिसतं, आणि रिकर्शनमध्ये (फंक्शन स्वतःलाच बोलावतं तेव्हा) प्रत्येक कॉलसाठी नवी खिडकी उघडते. फॅक्टोरियल पाठ करून पुढे गेलेल्यांना इथे पहिल्यांदा ते समजतं. एक लक्षात ठेवा: थॉनीचं पायथन वेगळं असल्यामुळे आयडलसाठी टाकलेल्या लायब्रऱ्या त्यात नसतील. टूल्समधल्या मॅनेज पॅकेजेसमधून त्या पुन्हा घ्या.

अनेक फाइली, गिट, वेबसाइट यांपर्यंत पोचला असाल तर व्हीएस कोड. फुकट आहे, सगळीकडे आहे, अडलं तर उत्तर सांगणारं कुणी ना कुणी सापडतं. त्यात पायथन नसतं, ते वेगळं टाकावं लागतं. शिवाय मायक्रोसॉफ्टचं पायथन एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायची पुरवणी) लागतं. यूट्यूबवर बघून बरेचजण त्याऐवजी 'कोड रनर' नावाचं एक्स्टेन्शन घेतात आणि इनपुट असलेला पहिलाच प्रोग्रॅम लटकतो. कोड रनर निकाल आउटपुटच्या पानावर दाखवतं आणि त्या पानावर काही टाईप करता येत नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रन इन टर्मिनल' केलं की सुटतं, पण मुळात ते नसलं तरी चालतं.

व्हीएस कोडमध्ये कोपायलटसारखा एआय मदतनीस हाताशी असतो. शिकताना तो बंद ठेवा. तुम्ही 'डेफ' लिहिताच तो अख्खं फंक्शन राखाडी अक्षरांत पुढे करतो, टॅब दाबला की झालं. उत्तर बरोबर असेलही, ते तुमचं नसतं. नोकरीत खुशाल वापरा.

पायचार्म ताकदवान आहे, नावं बदलणं, चुका आधीच दाखवणं यात उजवं आहे, पण जेटब्रेन्स स्वतःच आठ जीबी रॅमची शिफारस करते. चार जीबीच्या लॅपटॉपवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

ज्युपिटर आणि गुगलचं कोलॅब हे एडिटरला पर्याय नव्हेत, वेगळ्या कामाची साधनं आहेत. आकडेवारी, आलेख, पांडाज यांसाठी उत्तम. नवख्याला मात्र त्यातला एक गुण गोत्यात आणतो: कोड वेगवेगळ्या चौकटींत लिहितात आणि त्या चौकटी कुठल्याही क्रमाने चालवता येतात. वरची चौकट पुसली तरी तिचं व्हेरिएबल आत शिल्लक असतं, प्रोग्रॅम चालतो, आणि दुसऱ्या दिवशी नव्याने उघडल्यावर मोडतो. आयडलमध्ये दर एफ५ ला 'रीस्टार्ट' अशी ओळ येते ती याचसाठी. जुनं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू. कोलॅब तर गुगलच्या मशीनवर चालतं, त्यामुळे टर्टल आणि टीकिंटरच्या खिडक्या तिथे उघडत नाहीत.

लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ आहे. बोटांची परीक्षा होते, पण सराव होतो. विम आणि ईमॅक्स या एडिटरची नावं ऐकाल. ऐकून सोडून द्या.

हा सल्ला पायथनपुरता आहे, हेही सांगायला हवं. 'आर' ही आकडेवारीसाठीची भाषा शिकणाऱ्याने तिच्यासोबत येणाऱ्या साध्या खिडकीत अडकून राहू नये, सरळ आरस्टुडिओ हा तिचा एडिटर घ्यावा. तिथे शिकवणारे, पुस्तकं आणि उदाहरणं बहुतेक आरस्टुडिओ गृहीत धरूनच चालतात.

पायरी ६: बदलाचा दिवस

सुट्टीचा दिवस निवडा, सबमिशनची आदली रात्र नको. एकच नवा एडिटर घ्या.

व्हीएस कोडचा क्रम असा. पायथन आधीचंच राहू द्या. एडिटर टाका, पायथन एक्स्टेन्शन टाका. फाइल मेनूतून ओपन फोल्डर करून प्रोग्रॅमचा फोल्डर उघडा, नुसती फाइल नव्हे. या फोल्डरवर विश्वास आहे का असं विचारेल. तुमचाच आहे, हो म्हणा. कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून 'सिलेक्ट इंटरप्रिटर' लिहा आणि वहीत उतरवलेल्या पहिल्या ओळीतलं पायथन निवडा. तपासणीची फाइल उघडा, उजवीकडे वरचं त्रिकोणी बटण दाबा. दोन्ही ओळी वहीशी जुळल्या की झालं. नाही जुळल्या तर कुठलं काम राहिलं ते वरच्या भागात आहेच.

मग चार जुने प्रोग्रॅम चालवा: एक इनपुट घेणारा, एक फाइल वाचणारा, एक बाहेरची लायब्ररी वापरणारा, एक टर्टलचा. हे चार चालले तर बाकीचे चालतील. मधेच इंडेंटेशनबद्दल टॅबएरर आला तर एखादी फाइल कधीतरी नोटपॅडमध्ये सुधारलेली असणार. आयडल टॅबच्या जागी चार स्पेस टाकतं, नोटपॅड खरा टॅब. व्हीएस कोडच्या आज्ञांमध्ये 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' आहे.

थीम, आयकॉन, फॉन्ट यांच्या नादाला पहिल्या आठवड्यात लागू नका. एक्स्टेन्शन एका वेळी एकच, तेही पायरी ३ सारखी कागदावर ओळ लिहिता आली तरच.

नवा एडिटर बसला म्हणून आयडल काढायची घाई करू नका. एखादी ओळ काय उत्तर देते हे बघायला शेल उघडणं अजूनही सगळ्यात झटपट आहे, आणि नव्या एडिटरमध्ये काही बिघडलं की तीच फाइल आयडलमध्ये चालवून दोष कोडचा की एडिटरचा, हे मिनिटात कळतं. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये आयडल आणि टीसीएल-टीके यांची एकच टिक आहे. ती काढलीत तर आयडलसोबत टीकिंटर आणि टर्टलही जातात. उबुंटूवर आयडल वेगळ्या पॅकेजमध्ये येतं, तिथे ते एकटं काढता येतं. विंडोजवर अगदीच डोळ्यांसमोर नको असेल तर स्टार्ट मेनूतून अनपिन करा, इन्स्टॉलरमधली टिक तशीच राहू द्या.